पाचवी चिमणी

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर माणसाची किंमत बहुतेकदा पावसाळ्यातच ठरून जाते. घरातलं धान्य संपत आलेलं असतं, हाताला काम नसतं, आणि अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम येऊन ‘उचल’ देऊन जातो. नवरा-बायको मिळून एक जोडी, आणि उचल जोडीवर. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं, तिथेच झोपडी घालून राहतं, मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. उचल फिटली तर ठीक, नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. काम सुरू व्हायच्या आधीच माणूस कर्जदार झालेला असतो, आणि ‘माझी किंमत काय’ या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं.

ही गोष्ट फक्त वाड्यांची नाही. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराची किंमत हजेरीपुस्तकात असते, पेणच्या कॉलेजातल्या मुलीची टक्क्यांत, तिच्याच लग्नाच्या बोलणीत रंगात आणि सोन्यात. उत्तर देणारा बदलतो, पण उत्तर बाहेरून यायचं ते बाहेरूनच येतं.

ख्रिस्ती श्रद्धेतून लोकांना स्वतःची ओळख सापडते असं आपण ऐकतो. ते नेमकं कसं घडतं, हे फारसं कोणी उलगडून सांगत नाही. ‘देव तुमच्यावर प्रेम करतो’ हे वाक्य रिक्षाच्या मागेही लिहिलेलं असतं. तेवढ्याने कोणाची मान ताठ होत नाही. त्या वाक्यामागे एक ठाम दावा आहे: माणसाची किंमत त्याने काही करून दाखवायच्या आधीच ठरलेली असते आणि ती ठरवण्याचा अधिकार मुकादमाला नसतो. हा दावा बायबलमध्ये कुठून येतो आणि आपल्या मराठी मुलखात त्याचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी एक बाजारभाव. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांशी बोलताना चिमण्यांचा दर सांगतो: एका नाण्याला दोन. लूकच्या शुभवर्तमानात तोच दर जरा मोठ्या खरेदीचा आहे: दोन नाण्यांना पाच. हिशेबाने चारच यायला हव्यात. पाचवी चिमणी वर टाकलेली आहे, पेणच्या बाजारात कोळीण वाटा देऊन झाल्यावर एखादी बारकी मासळी वर टाकते तशी. तिची वेगळी किंमतच धरलेली नाही. हे नाणं म्हणजे रोमन काळातलं तांब्याचं आस्सारियन, दीनाराचा सोळावा हिस्सा, आणि दीनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. बारा तासांचा दिवस धरला तर दोन चिमण्यांना पाऊण तासाचं काम पुरे. चिमणी हा तेव्हा गरिबांच्या ताटातला पक्षी होता. येशूचं म्हणणं असं की त्या पाचांतली एकही देवाच्या विस्मरणात जात नाही, आणि ऐकणारी माणसं तर अशा कित्येक चिमण्यांहून मोलाची आहेत. तो राजाचं किंवा पुरोहिताचं उदाहरण घेत नाही. बाजाराने जिला शून्य भाव दिला, तिच्यापासून तो मोजायला सुरुवात करतो.

याच्या मुळाशी बायबलचं अगदी पहिलं पान आहे. प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा असण्याचा मान राजाचा असे. उत्पत्तीचं पुस्तक तोच मान सरसकट माणसाला देऊन टाकतं, पुरुषाला आणि स्त्रीला, दोघांना एकाच वाक्यात. त्या काळासाठी हे केवढं धाडसाचं होतं, हे आज वाचताना चटकन लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट मजुरीचीच आहे आणि तिचा पेणशी दूरचा, पण खरा संबंध आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जाऊन दिवसाला एक दीनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचलाही माणसं उभीच असतात. का उभे आहात म्हणून विचारलं तर कळतं की दिवसभरात त्यांना कोणी कामाला बोलावलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. सहाला मजुरी वाटताना तासाभरापूर्वी आलेल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दीनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही ठरलेला दीनारच मिळतो आणि ते चिडतात.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्या चिडलेल्यांचा राग समजतो. तरी पाच वाजता नाक्यावर उरलेली माणसं कोण असतात, हेही आपल्याला माहीत आहे: म्हातारी, अशक्त, ओळख नसलेली. दीनार म्हणजे घरची एका दिवसाची चूल. मालकाने कामाचे तास मोजले नाहीत, घरी वाट पाहणारी तोंडं मोजली. इथे किंमत आधी आहे आणि काम नंतर. ख्रिस्ती भाषेत यालाच कृपा म्हणतात.

या दृष्टान्तातलंच एक वाक्य उचलून जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने आपल्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाला नाव दिलं. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींच्या हाती ते हेन्री पोलक यांनी दिलं. गांधीजींनी ते गाडीतच वाचलं, आयुष्य बदलायचं ठरवलं, आणि १९०८ मध्ये त्याचा गुजरातीत सारांश केला. त्याचं नाव ‘सर्वोदय’. या सर्वोदयाचं काम पुढे ज्याने खांद्यावर घेतलं, तो मुलगा ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक गावी जन्मला होता. विनोबा भाव्यांनी १९५१ पासून भूदानासाठी देश पालथा घातला तेव्हा त्यांची भूमिका हीच होती की शेवटच्या माणसाचा हक्क त्याच्या लायकीवर अवलंबून नाही. विनोबांनी बायबलचा अभ्यास केला होता आणि ख्रिस्ती शिकवणीचं सार काढणारं एक संकलनही तयार केलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांना तशी गरजही वाटली नाही. पण एक दृष्टान्त पॅलेस्टाइनहून इंग्लंडला, तिथून आफ्रिकेला आणि तिथून गागोद्याच्या माणसाकडे कसा आला, ते पाहिलं की ‘परका धर्म’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

आता एक अडचण. ख्रिस्ती प्रवचनांत ‘पापी’ हा शब्द वारंवार येतो. ज्याची मान आधीच खाली आहे त्याला पुन्हा तू पापी म्हणायचं, यातून कसला आलाय आत्मसन्मान? ही शंका रास्त आहे, आणि काही ठिकाणी हा शब्द खरोखरच दांडक्यासारखा वापरला जातो. पण मूळ मांडणीत क्रम उलटा आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा बापाकडून घेतलेला वाटा उडवून घरी परततो तेव्हा त्याने माफीचं भाषण तयार ठेवलेलं असतं: मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. ते सुरू व्हायच्या आत बाप धावत येऊन त्याला मिठी मारतो, आणि नोकरीची मागणी तशीच राहून जाते. मुलगेपण गेलेलंच नव्हतं, म्हणून चूक कबूल करायला जागा होती. ज्याची सगळी किंमत चुका न करण्यावर टांगलेली असते, त्याला चूक कबूल करणं परवडत नाही. तो ती झाकतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो.

मानसशास्त्राने या टांगलेपणाचा अभ्यास केला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक मोजपट्टी तयार केली. माणूस आपली किंमत कशाकशावर बेततो याची सात क्षेत्रं त्यांनी धरली: इतरांची पसंती, रूप, स्पर्धेत पुढे असणं, अभ्यासातलं यश, घरच्यांचा आधार, सद्गुण, आणि देवाचं प्रेम. रूप, पसंती, गुण अशा बाहेरच्या गोष्टींवर ज्यांचं मन टेकलेलं होतं, त्यांच्यात ताण, राग आणि नातेसंबंधांतल्या अडचणी जास्त आढळल्या. याचा अर्थ श्रद्धा म्हणजे औषधाची गोळी असा नाही. देवाचं प्रेमही कोणी परीक्षेसारखं घेऊ शकतं: आज प्रार्थना चुकली, आता देव रागावला. मग तोही मुकादमच झाला. श्रद्धेत वाढलेल्या कितीतरी मुलांच्या मनात असा मुकादम बसलेला असतो, आणि त्यांच्या पालकांनी आणि पाळकांनी हे ओळखायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

मराठी मुलखात या श्रद्धेने स्वतःकडे पाहण्याची नजर कशी बदलली याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८५८ मध्ये जन्म, आईवडील दुष्काळात गेलेले, संस्कृतच्या विद्वत्तेमुळे कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ पदवी, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य. पदवी मोठी होती, पण ज्या शास्त्रांच्या जोरावर ती मिळाली त्यांतच स्त्रीला आणि शूद्राला मुक्तीचा सरळ मार्ग नाही, हे त्यांना वाचूनच कळलं होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं एक घर दाखवलं. अशा बायकांची कोणी इतक्या मायेने काळजी घेतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. याचं कारण काय म्हणून विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली.

ती गोष्ट विहिरीवरची आहे. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. जात हलकी मानलेली, पाच नवरे झालेले, गावात नाव खराब. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो. उपदेश नंतर येतो, आधी तिच्या हातचं पाणी मागणं येतं. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे की ही गोष्ट वाचून हा माणूस म्हणतो तोच जगाचा तारणारा, अशी त्यांची खात्री पटली. मराठी वाचकाला या विहिरीचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. पेण-रोह्याच्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाणी कोणाच्या हातचं चालतं, यावर इथे माणसाची किंमत ठरत आली आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण मला त्याच्या नंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीने कोणत्या शिकवणीवर कसा विश्वास ठेवावा हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा रमाबाई मागे हटल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. त्यात एक तरुण विधवा, परक्या देशात, ज्यांच्या आधारावर राहते त्यांनाच सांगते की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती मी कोणाच्या हवाली करणार नाही. नव्या श्रद्धेने दिलेली किंमत तिने त्या श्रद्धेच्या अधिकाऱ्यांसमोरच वापरली. नुसत्या आज्ञाधारकपणात आणि आत्मसन्मानात हाच फरक असतो. पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं. सदनातल्या हिंदू मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं, आणि ‘आश्रय देणाऱ्याने श्रद्धा किती बोलावी’ हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पुढे त्यांनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच हातून छापलं गेलं. मूठभर धान्यासाठी वणवण करणाऱ्या मुलीच्या हातात शिशाची अक्षरं येणं, यात आत्मसन्मानाचा अर्थ मला कुठल्याही व्याख्येपेक्षा नेमका दिसतो.

अक्षरांचीच एक वेगळी गोष्ट पेण-रोह्याच्या आसपास घडली आहे. या किनारपट्टीवर शतकानुशतकं बेने इस्राएल ज्यू राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यातही आहेत, आणि पेण, अलिबाग, रेवदंडा इथे त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणात शाळा काढल्या. त्यांतल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं ते मुख्यतः याच समाजासाठी. मिशनऱ्यांना आशा होती की जुना करार वाचून ही मंडळी नव्या कराराकडे येतील. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी मराठीत आणि हिब्रूत आपलेच पूर्वज वाचले आणि ते अधिक जाणते ज्यू झाले. मिशनच्या वहीत हे अपयश म्हणून लिहिलं गेलं असेल. मला ते तसं वाटत नाही. माणसाला आपली ओळख वाचता यावी म्हणून अक्षरं दिली आणि त्याने ती वाचली, तर देणाऱ्याने हिशेब मागू नये.

रोह्याहून कुंडलिका खाली वाहत जाते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घराघरांत पोर्तुगीजवर पोसलेली एक बोली बोलली जाते. शब्द बहुतेक पोर्तुगीज आणि वाक्याची बांधणी मराठीच्या वळणाची. पोर्तुगिजांनी शेजारच्या चौलला १५२१ मध्ये गढी बांधायला घेतली, १७४० मध्ये ते हा भाग मराठ्यांच्या हवाली करून गेले. राज्यकर्ते गेले, बोली राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास करून १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. बोली टिकण्याचं कारण दुहेरी आहे. ही मंडळी बहुतांशी खालच्या मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेली, त्यामुळे आजूबाजूच्या हिंदू-मुसलमानांशी रोटीबेटी व्यवहार धर्मामुळे तुटला आणि उच्चवर्णीय ख्रिस्त्यांशी जातीमुळे जुळला नाही. मग लग्नं गावातच, बोली गावातच, आणि माउंट कार्मेल मातेचं देऊळ हा सगळ्याचा मध्य. तिथल्या उपासनेत १९६० च्या दशकापर्यंत पोर्तुगीज होती, नंतर मराठी आली. म्हणजे त्यांची ओळख श्रद्धेने जशी जपली, तशीच इतरांनी राखलेल्या अंतरानेही घडवली. श्रद्धेतून मिळालेल्या ओळखीबद्दल बोलताना हा दुसरा भाग सहसा गाळला जातो.

जातीचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलायला हवा. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी भारतातल्या कितीतरी मंडळ्यांत बसण्याच्या जागा आणि स्मशानं जातवार राहिली. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर सविस्तर लिहिलं आणि त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की धर्म बदलला तरी जात गळून पडली नाही, आणि तिच्याविरुद्ध लढायलाही ही मंडळी फारशी उभी राहिली नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी बुद्ध निवडला. हा आक्षेप ख्रिस्ती माणसाने टाळून पुढे जाऊ नये. कायद्याने हा जातीचा प्रश्न आणखी किचकट केला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना ही अट नाही. त्यामुळे पेण-रोह्यातला एखादा कातकरी ख्रिस्ती झाला तरी त्याचा आदिवासी दाखला राहतो, पण शेजारच्या दलित कुटुंबाचा दाखला जातो. एका घराला श्रद्धा बदलायला काही मोजावं लागत नाही, दुसऱ्याला मोजावं लागतं. ‘आमिषाने धर्मांतर’ या चर्चेत ही वजाबाकी क्वचितच मांडली जाते.

आणि खुद्द रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा उल्लेख टाळला तर आत्मसन्मानाचं हे चित्र एकांगी होईल. १९ ऑक्टोबर १९२० हा त्यांचा जन्मदिवस त्यांनी उभा केलेला स्वाध्याय परिवार ‘मनुष्य गौरव दिन’ म्हणून पाळतो. आत ईश्वर आहे म्हणून माणूस लाचार असू शकत नाही, हे त्यांनी गीतेच्या आधारे कोळी, आगरी, आदिवासी वस्त्यांवर माणसं पाठवून सांगितलं. १९९७ मध्ये त्यांना टेम्पलटन पारितोषिक मिळालं, जे एका श्रद्धाळू ख्रिस्ती उद्योजकाने सुरू केलं होतं. दोन्ही वाटांत फरक आहे. स्वाध्यायात गौरवाचं कारण आत वसलेला देव आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ते शोधत आलेला देव आहे, हरवलेल्या मेंढरामागे रानात गेलेला. एकाच्या आधाराने दुसऱ्याला कमी लेखण्याचं मला कारण दिसत नाही.

शोधत आलेल्या देवाची भाषा मराठीत सर्वांत सहज बोलले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. नागपूरकडच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचा ताबा घेतला. गांधीजींप्रमाणे टिळकांचंही आयुष्य गाडीत मिळालेल्या पुस्तकाने बदललं, हा योगायोग मला फार आवडतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती झालो म्हणजे साहेब झालो, हे त्यांना मान्य नव्हतं. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग रचले, कीर्तनं केली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत.

पण टिळकांच्या या धडाडीची किंमत घरात कोणीतरी मोजत होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानपणी ज्या घरात वाढल्या तिथे वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा पदरात लहान मुलगा, आणि जवळपास पाच वर्षांची ताटातूट. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळंच ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी एका रात्रीची हकिगत सांगितली आहे. झोप येत नव्हती, आणि त्या एकट्याच विचार करत होत्या: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा फरक माणसांच्या अंगावरही दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे हे काम माणसाचंच. सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की आजपासून मी कोणाच्याही हातचं खाईन आणि पिईन. कोणाचा उपदेश नाही, पुस्तकाचा दाखला नाही. ख्रिस्ती व्हायच्या आधीच, ओट्यावरच्या पाण्याच्या भांड्यावरून, या बाईने उत्पत्तीचा पहिला अध्याय स्वतः सोडवला होता. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यात टिळकांचा विक्षिप्तपणा, स्वतःचे हट्ट, घरातली भांडणं, दुष्काळात गोळा केलेली पोरं, हे सगळं त्या हसत आणि काही न लपवता सांगतात. आपली बाजू सजवण्याची गरजच त्यांना पडत नाही. ज्याची किंमत ठरून गेलेली आहे, त्याला सगळं खरं सांगता येतं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा येशूच्या चरित्रावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेत कधी न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय ओवीत लिहून ते पुरं केलं.